मनाची जखम ओळखणारे हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी मला भाषणाचे आमंत्रण दिले, तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला होता. विषय होता 'घरातील प्रथमोपचार'. जिने उभा जन्म रुग्णालयात परिचारिका म्हणून आणि पुढे परिचारिकांची शिक्षिका म्हणून काढला, तिच्याकडून भाजणे, कापणे, मुरगळणे यांवरचे चार उपाय ऐकावेत, अशी त्यांची इच्छा होती. मी तो विषय मोडत नाही. पण त्याला किंचित वळण देते. भाजलेल्या हातावर काय करावे हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु जी जखम डोळ्यांना दिसत नाही, जिच्यातून रक्त येत नाही आणि जी पंचवीस-पंचवीस वर्षे भरून येत नाही, तिच्यावरचा प्रथमोपचार आपल्यापैकी फारच थोड्यांना येतो. तोच आज मी सांगणार आहे. ज्यांचा धंदाच मुळी सेवेचा, त्या परिचारिका, डॉक्टर, आशाताई, शिक्षिका यांना ही जखम ओळखायला कसे शिकवतात, आणि त्यातले आपण आपल्या मंडळात किती आणू शकू, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम शब्दाविषयी. मोठ्या रुग्णालयात अपघाताच्या विभागाला 'ट्रॉमा वॉर्ड' म्हणतात. हा ट्रॉमा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ जखम असाच आहे. मनोवैद्यांनी तोच शब्द मनाच्या घावासाठी घेतला. भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाला पुढे जी दुखणी लागतात, म्हणजे तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, जरा आवाज झाला की दचकणे, आपल्या माणसांपासूनही मन तुटणे, त्यांना १९८० साली अमेरिकन मनोवैद्यांच्या ग्रंथात स्वतंत्र रोगाचे नाव मिळाले. तेव्हा त्यांच्यापुढे मुख्यतः व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेले सैनिक होते. पण भगिनींनो, ज्यांनी जन्मात रणांगण पाहिले नाही अशा बायकांतही हीच लक्षणे दिसतात. त्यांचे रणांगण स्वयंपाकघराएवढेच असते, इतकाच फरक.

आता मौज अशी की असा घाव झालेली बाई "माझे मन दुखते" असे सांगत दवाखान्यात येत नाही. ती येते डोके दुखते म्हणून, कंबर धरली म्हणून, अंगावरून पांढरे जाते म्हणून. गोव्यात संशोधकांनी या शेवटच्या तक्रारीचा पद्धतशीर अभ्यास केला. तेव्हा तिचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशीच अधिक घट्ट असल्याचे दिसून आले. म्हणजे बाईला औषध देत राहावे आणि तिने पुन्हा पुन्हा येत राहावे, याचे कारण औषधाच्या बाटलीत सापडणारे नव्हते. ते तिच्या घरात होते आणि ते तिला कोणी विचारले नव्हते.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण डोळे उघडणारे आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी हे लठ्ठपणा कमी करण्याचा दवाखाना चालवीत. १९८५ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की ज्यांचे वजन चांगले उतरत होते, तेच लोक मध्येच उपचार सोडून जात आहेत. हे कोडे उलगडताना त्यांनी एकेकाला त्याची जीवनकहाणी विचारली, तेव्हा पुष्कळांच्या बालपणी लैंगिक अत्याचार घडला होता असे निघाले. वाढलेले शरीर हे त्यांच्यापैकी कित्येकांना चिलखतासारखे होते. ते उतरू लागले की भीती परत येई. पुढे फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक लोकांना बालपणातील मारहाण, अत्याचार, घरातील दारू, आईला होणारी मारहाण यांविषयी प्रश्न विचारले. १९९८ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा चार किंवा अधिक प्रकारच्या आपत्ती ज्यांनी लहानपणी सोसल्या, त्यांच्यात दारूचे व्यसन, खिन्नता आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका इतरांच्या चौपट ते बारापट आढळला. याचा अर्थ असे बालपण गेलेल्या प्रत्येकाचे वाटोळे होते असा मात्र कोणी करू नये. पुष्कळ जण त्यातून उत्तम निभावतात. आणि निभावणाऱ्यांच्या मागे बहुधा एखादे तरी मायेचे, भरवशाचे माणूस उभे असते.

अशी जखम ओळखण्याचे शिक्षण आम्हा परिचारिकांना पूर्वी मुळीच नव्हते. मी १९७६ साली या शिक्षणाला सुरुवात केली. चादरीचे कोपरे कसे मोडावेत, सुई कशी उकळावी, ताप कसा टिपावा, सारे काटेकोर शिकवले. रुग्णाच्या दुःखात गुंतू नये, हेही शिकवले. त्यामागे हेतू वाईट नव्हता. चाळीस खाटांच्या वॉर्डात दोनच परिचारिका असतील तर कोणाकोणात गुंतणार? परंतु त्याचा परिणाम असा झाला की भाजलेली बाई "स्टोव्हचा भडका उडाला" म्हणाली की केसपेपरवर तेच उतरे. खाटेशी सासू आणि नवरा उभे असत. त्यांच्यादेखत ती दुसरे काय सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

हे चित्र बदलण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या मुंबईतच झाला, याचा आपणांस अभिमान वाटावा. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून 'दिलासा' नावाचे केंद्र उभारले. घरात छळ होणाऱ्या स्त्रीला रुग्णालयातच आधार मिळावा, अशी ही कल्पना होती. पोलिसठाण्याची पायरी चढायला बाई कचरते. दवाखान्यात मात्र ती कोणाला न सांगता येऊ शकते. त्यातही मला विशेष वाटले ते हे की, बाहेरून तज्ज्ञ आणून बसवण्यावरच त्यांनी भिस्त ठेवली नाही. रुग्णालयातील परिचारिका, डॉक्टर आणि इतर कर्मचारी यांनाच शिकवून त्यांतून शिकवणारे तयार केले. नंतर मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली.

माझी नोकरी पंचवीस वर्षांची झाल्यावर मलाही अशा एका शिक्षणवर्गाला बसण्याचा योग आला. तो वर्ग कसा होता ते सांगते, कारण त्यातले बरेचसे आपण घरीही करून पाहू शकतो.

पहिल्या दिवशी भाषण नाही, फळा नाही. दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. एकीने तीन मिनिटे आपली एखादी साधी अडचण सांगायची आणि दुसरीने नुसते ऐकायचे. सल्ला द्यायचा नाही, आपली गोष्ट सांगायची नाही, "हो का" याच्या पलीकडे शब्द काढायचा नाही. आमच्यातल्या एक ज्येष्ठ सिस्टर दीड मिनिटातच उसळून म्हणाल्या, "अगं, मग तू त्यांना सरळ सांगत का नाहीस?" सारा वर्ग हसला. पण तीन मिनिटे तोंड बंद ठेवणे हे इंजेक्शन देण्याहून अवघड काम आहे, हे सर्वांना पटले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने, दुःखी माणसाला आपण सहसा काय म्हणतो, ते कागदावर लिहायचे होते. "असे विचार मनात आणू नका." "संसारात भांड्याला भांडे लागायचेच." "मुलांकडे पाहून दिवस काढा." "तुमच्यापेक्षा वाईट दशा असलेले लोक आहेत." ही सारी वाक्ये फळ्यावर लिहून झाली, आणि मग शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, "यांतले कोणते वाक्य ऐकून माणूस पुढे बोलेल?" एकही नव्हते. ही वाक्ये आपण चांगल्या मनाने बोलतो, पण ऐकणाऱ्याला त्यांचा अर्थ 'आता पुरे' असाच लागतो.

मग विचारायचे कसे ते शिकवले. आधी एकांत हवा. सोबतच्या माणसाला औषध आणायला किंवा एक्स-रेची फिल्म घ्यायला पाठवावे. मग उभ्याने न विचारता शेजारी बसावे आणि म्हणावे, "पुष्कळ बायकांना घरात मारहाण होते, धाक असतो, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. तुमच्या बाबतीत तसे काही आहे का?" ती नाही म्हणाली तर वाद घालू नये. "कधी बोलावेसे वाटले तर मी इथे असते," एवढे सांगून सोडावे. दार लोटलेले असू द्यावे, कडी लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली यासाठी एक पुस्तिका काढली. तिच्यातील पाच पायऱ्या मी आपल्या भाषेत सांगते: ऐका, तिची गरज काय ते विचारा, तिच्यावर विश्वास दाखवा, ती सुरक्षित आहे ना ते पाहा, आणि पुढच्या मदतीशी तिला जोडून द्या.

आणखी एक धडा स्पर्शाचा. ज्या देहावर बळजबरी झाली आहे, त्याला डॉक्टरचा हातसुद्धा भीतीचा वाटतो. बाळंतपणाच्या खोलीत एखादी बाई तपासताना अंग चोरते, किंचाळते किंवा एकदम दगडासारखी होते, तेव्हा तिला "नाटके करू नको" म्हणून दटावण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. आम्हाला शिकवले की, प्रत्येक वेळी हात लावण्याआधी काय करणार ते सांगा, विचारा, आणि ती "थांबा" म्हणाली की थांबा. हे करायला फार तर एक मिनिट जास्त लागते. परंतु आपल्या अंगावर आपलाही काही हक्क आहे, हे कित्येक जणींना त्या एका मिनिटात जन्मात पहिल्यांदा कळते.

या शिक्षणाने काय फरक पडतो, याचा एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिशीच्या आसपासची एक बाई वर्षात तिसऱ्यांदा आमच्याकडे आली. या खेपेस मनगट मोडले होते. सोबत सासू. "जिन्यावरून पडली," असे दोघींनी सांगितले. माझी एक नवी विद्यार्थिनी केसपेपर लिहीत होती. पत्ता लिहिताना ती थबकली. पत्ता बैठ्या चाळीचा होता; तिथे जिना कुठला? तिने चेहऱ्यावर काही दाखवले नाही. सासूबाईंना एक्स-रेच्या खिडकीपाशी पाठवले, स्टूल ओढून ती बाईशेजारी बसली आणि शिकवल्याप्रमाणे विचारले. बाई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला कसं कळलं?"

त्या दिवशी ती फारसे काही बोलली नाही. पोलिसांत जायलाही तयार नव्हती, आणि तिला कोणी लोटले नाही. "यात तुमचा दोष नाही," एवढे मात्र तिला स्पष्ट सांगितले. प्लास्टर दाखवायला ती दर खेपेस येई, आणि दर खेपेस समुपदेशक बाईंजवळ अर्धा तास बसे. हळूहळू त्या दोघींनी एक बेत आखला. मुलांचे जन्मदाखले आणि रेशनकार्डाची प्रत बहिणीकडे ठेवायची. थोडे पैसेही तिथेच. आणि शेजारच्या काकूंना एक खूण सांगून ठेवायची: भिंतीवर पातेले आपटल्याचा आवाज आला की काकूंनी विरजण मागायच्या निमित्ताने दार वाजवायचे. आठ महिन्यांनी एका रात्री नवऱ्याने रॉकेलचा डबा हातात घेतला. पातेले वाजले. काकू वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. दार उघडे राहिले तेवढ्यात ती दोन्ही मुलांना घेऊन बाहेर पडली. त्या रात्री ती वाचली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार तिने पुढे घेतला, आणि आधीच्या केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहून ठेवलेली हकीकत तिला उपयोगी पडली.

या गोष्टीत मनोवैद्य कुठेच नव्हता, हे आपल्या ध्यानात आले असेल. एक विशीतली परिचारिका, एक समुपदेशक आणि विरजणाची वाटी घेतलेली एक शेजारीण, एवढ्यांनी एक जीव वाचवला.

परंतु इथे मला एक इशारा दिलाच पाहिजे. मनाची जखम ओळखणे वेगळे आणि ती उकरणे वेगळे. अर्धवट ज्ञानाने पुष्कळांना वाटते की, सारे एकदा बोलून टाकले, रडून घेतले की माणूस मोकळा होतो. तसे नेहमी होत नाही. मोठ्या अपघातानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून भीषण प्रसंगाचे बारीकसारीक वर्णन करायला लावण्याची एक पद्धत परदेशात रूढ होती. काळजीपूर्वक तपासणी केल्यावर तिचा उपयोग दिसला नाही. उलट काहींना त्रासच झाला. आता आपत्तीनंतरचा जो मानसिक प्रथमोपचार शिकवतात, त्यात 'बघा, ऐका, जोडून द्या' अशी तीनच सूत्रे आहेत. माणसाला पाणी द्या, निवारा द्या, त्याच्या माणसांचा पत्ता लावून द्या. तो बोलला तर ऐका, न बोलला तर गप्प सोबत बसा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा प्रसंगी ज्याचे सारे घर गाडले गेले त्याला "काय काय झाले ते सांगा" म्हणणे ही सेवा नव्हे.

अमेरिकेतील मनोवैद्य ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात बरे होण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिला, सुरक्षितता. दुसरा, घडलेले आठवून त्याचा शोक करणे. तिसरा, पुन्हा चार माणसांत मिसळणे. हाड मोडले तर आधी ते स्थिर करतात, मग ते जुळते, मग हळूहळू हाताला काम देतात. तसाच हा क्रम आहे. ज्या बाईला आज रात्री मार बसणार आहे, तिच्याकडून तिच्या बालपणाच्या आठवणी काढून घेण्यात काय अर्थ? मधला टप्पा हा शिकलेल्या तज्ज्ञांचा आहे आणि त्यासाठी आज चांगले उपचार आहेत. परंतु पहिला आणि तिसरा टप्पा आपल्यासारख्या सामान्यांवाचून पुरा होत नाही. सुरक्षितता शेजार देतो, आणि चार माणसांत परत घेणे हे तर मंडळाचेच काम.

आत्महत्येविषयी मुद्दाम दोन शब्द बोलते, कारण या विषयावर आपण कुजबुजतो, बोलत नाही. "जीव नकोसा झाला आहे का? जीव द्यावा असे मनात येते का?" असे सरळ विचारले तर भलते विचार डोक्यात घातले जातील, अशी भीती आपल्याला वाटते. ती खरी नाही. असे विचारल्याने धोका वाढत नाही; उलट कोणीतरी विचारले म्हणून माणसाला हलके वाटते. विचारावे, उत्तर ऐकावे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांपर्यंत न्यावे. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे असे प्रसंग दडपीत असत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे धरून तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तीत जुन्या दंड संहितेतील हे कलम तसे राहिले नाही.

आता कोणी म्हणेल, "आपण काय डॉक्टर आहोत? हे आपल्याच्याने कसे होणार?" यावर दोन दाखले देते. पहिला गोव्याचा. तेथील 'संगत' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या सामान्य कार्यकर्त्यांना सुमारे दोन महिने शिकवून दवाखान्यांत बसवले. चोवीस दवाखान्यांत त्याची रीतसर तपासणी झाली. सरकारी आरोग्य केंद्रांत ज्या रुग्णांना अशा कार्यकर्त्यांची साथ मिळाली, ते इतरांपेक्षा अधिक संख्येने बरे झाले. ही माहिती २०१० साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वाखाणली गेली.

दुसरा दाखला आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाचा. डिक्सन चिबांडा या मनोवैद्यांची एक तरुण रुग्ण दवाखान्यापर्यंत यायला बसचे भाडे नव्हते म्हणून येऊ शकली नाही आणि तिने आत्महत्या केली. त्या धक्क्यातून त्यांनी २००६ साली हरारे शहरात चौदा आजीबाईंना शिकवायला घेतले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर एक आजी, आणि शेजारी दुःखी माणूस. 'मैत्रीचा बाक' असेच त्याला नाव पडले. तिकडच्या शोना भाषेत खिन्नतेला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणे' असा आहे. आपल्याकडेही बायका हेच म्हणत नाहीत का, "डोक्यात फार विचार येतात हो!" या आजी रोगाची अवघड नावे घेत नाहीत. त्या ऐकतात, अडचणींची यादी करायला लावतात, त्यांतली एक निवडायला सांगतात आणि तिच्यावर काय करता येईल ते त्या माणसाकडूनच काढून घेतात. २०१६ साली या कामाची तपासणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत खिन्नतेची लक्षणे होती, तर आजीबाईंकडे बसलेल्यांत ती शेकडा चौदाच्या आसपास उरली होती. मात्र या आजी शिकल्या होत्या, आणि त्यांच्यामागे सल्ला द्यायला शिकलेली माणसे उभी होती, हे विसरून चालणार नाही.

सेवा करणाऱ्यांच्याही जखमा असतात. जळीत विभागात वर्षानुवर्षे काम केलेल्या परिचारिकेला घरी चपातीचा करपट वास सहन होत नाही. २०२० च्या करोनाच्या साथीत कित्येकींनी नातलगांच्या जागी उभे राहून मरणाऱ्याचा हात धरला, आणि घरी येऊन मुलांना जवळही घेता आले नाही. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. नंतर "तुला झोप लागते का?" असे किती जणांनी विचारले? चांगल्या शिक्षणवर्गात आता हा भाग धरलेला असतो. ठरावीक दिवशी ऐकणाऱ्यांनी आपसात बसावे, मनावरचे ओझे उतरवावे, अवघड ठिकाणी वडीलधाऱ्या मार्गदर्शकाला विचारावे. विहिरीतून सारखे उपसायचे तर तिचे झरेही मोकळे राहिले पाहिजेत.

भगिनींनो, आता आपल्या मंडळाकडे वळते. आपण शिवणवर्ग चालवतो, पाळणाघर चालवतो, हळदीकुंकू करतो, भिशी लावतो. मी तीन गोष्टी सुचवते.

पहिली अशी की, पाळणाघरातील आपल्या ताई, वसाहतीतील आशाताई आणि आपल्यापैकी इच्छुक अशा सात-आठ जणी यांच्यासाठी एखाद्या जाणत्या समुपदेशकाकडून ऐकण्याचा वर्ग घ्यावा. आणि एका दिवसाने भागवू नये, तो वर्षभर अधूनमधून चालू ठेवावा.

दुसरी अशी की, मदतीचे क्रमांक आपल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. मनाच्या त्रासासाठी 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येते. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन फुकट आहेत. ती म्हणजे तोंड बंद ठेवणे. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बाई आपली मूठ उघडत नाही, कारण आज एकीला सांगितले की उद्या भिशीत त्याची चर्चा होते, हे तिने पाहिलेले असते. मी स्पष्ट बोलते, राग मानू नये. आपल्या दहा चांगल्या कामांवर एक चघळलेली बातमी पाणी फिरवू शकते. ज्या जणी वर्गाला बसतील त्यांनी शपथ घ्यावी की, ऐकलेले घरी नवऱ्यालासुद्धा सांगणार नाही. याला अपवाद दोनच. जिवाला धोका असेल तर मदत बोलावलीच पाहिजे. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. हे अपवाद सांगणाऱ्या बाईला आधीच सांगावेत, म्हणजे विश्वासघात होत नाही.

"अशाने घरे मोडतील," असा आक्षेप येईल. मला वाटते, घर मोडते ते मारणाऱ्याच्या हाताने. ऐकणाऱ्याच्या कानाने नव्हे. शिवाय आपण कोणाला "नवरा सोड" किंवा "सोडू नको" सांगणारच नाही. निर्णय तिचा. आपण फक्त ती एकटी नाही, एवढे तिला कळू द्यायचे.

वर्गाची पहिली बैठक कधी घ्यायची ते कार्यकारी मंडळाने ठरवावे. शिकवायला जाणते कोणी मिळेपर्यंत, तीन मिनिटे गप्प राहून ऐकण्याचा तो पहिला धडा मी घेईन. कोणाला नावे द्यायची असतील त्यांनी आज चिटणीसबाईंकडे द्यावीत. वही मी सोबत आणली आहे.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, हाही त्या धड्याचाच अभ्यास झाला.